घर ते बस स्टॉप, तीन मॉनिटरवर

मानेसरच्या ज्या कारखान्यात मी खरेदी विभागात होतो, तिथे गाड्यांचे बाजूचे आरसे बनत. काच, प्लास्टिक, स्प्रिंगा, स्क्रू, सगळं माझ्या सहीने विकत घेतलं जाई. डाव्या आरशात ड्रायव्हरला मागचं किती दिसायला हवं हे मला तोंडपाठ होतं. गाडी तेवढी चालवता येत नव्हती.

कारखान्यात हे कोणाला ठाऊक नव्हतं. कंपनीची बस आमच्या सोसायटीच्या गेटवरच येई, त्यामुळे विषय निघत नसे. लायसन्स होतं. ते दहा दिवसांच्या ड्रायव्हिंग क्लासनंतर मिळालं होतं. त्या क्लासच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच होता, त्यामुळे दहा दिवसांत गाडी नक्की कोण चालवत होतं हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. पुढे आम्ही लाल रंगाची छोटी गाडी घेतली. पहिल्याच दिवशी मी ती सोसायटीच्या गेटच्या खांबावर नेऊन टेकवली. तेव्हापासून तिच्यावर कव्हर घातलेलं होतं. दर रविवारी मी कव्हर झटकत असे. एवढाच आमचा संबंध.

त्या वेळी गुडगावात नवे सेक्टर भराभर उठत होते. मॉल होते, काचेच्या इमारती होत्या, मेट्रोचे खांबसुद्धा उभे राहिले होते. मेट्रो यायची होती. आमच्या घरापासून हायवे दोन किलोमीटर, आणि मधे रिकामे प्लॉट, वाळूचे ढीग आणि कुत्री. बायकोची शाळा सरोजिनी नगरजवळ. पूर्वी आम्ही तिथेच एका खोलीत भाड्याने राहत होतो, तेव्हा ती चालत जायची. आता सकाळी सहा वीसला हायवेवर येणारी, शिक्षिका आणि नर्सेसनी मिळून ठरवलेली बस तिला गाठावी लागे. त्या वेळेला आमच्या सेक्टरात रिक्षा नसे, ऑटो नसे, आणि पंधरा मिनिटांसाठी पहाटे कुठला ड्रायव्हर येणार? वरच्या मजल्यावरचे मेजरसाहेब, मूळचे साताऱ्याचे, कॅन्टोन्मेंटला जाताना तिला हायवेवर सोडत. सात वर्षं हे चालू होतं.

जानेवारीत एकदा मेजरसाहेब खाली आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, ऑर्डर आली. मार्चअखेर आम्ही निघालो."

ते गेल्यावर बायकोने कप उचलले. "एक एप्रिलपासून मी कशी जाणार?"

मी म्हटलं, "काहीतरी करू."

"काहीतरी म्हणजे काय ते सांगा. नाहीतर मी नोकरी सोडते, आणि मोठ्या बाईंना आत्ताच सांगून टाकते. नव्या वर्षाचे वर्ग ठरायच्या आत सांगायला हवं."

"तू शिकलीस गाडी तर?"

"पाचला उठून डबे मी करायचे, चाळीस पोरं मी सांभाळायची, आणि गाडीही मीच चालवायची का? अहो, दारात तुमचीच गाडी उभी आहे. आरसेसुद्धा तुमच्याच कंपनीचे असतील."

ते दुसऱ्या कंपनीचे होते, पण ती वेळ हे सांगण्याची नव्हती.

तोडगा काढला लेकीने. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आमच्या घरात तिच्याइतकं हिंदी कोणी बोलत नसे. "बाबा, सिंपल है. तुला रस्त्याची भीती वाटते ना? मग घरी शिक. गेमिंग कॉम्प्युटर बनवू. स्टीअरिंग जोडायचं, खाली पेडल, आणि तीन मॉनिटर. समोरची काच, डावी खिडकी, उजवी खिडकी. ठोकलीस तरी खांबाला काही होणार नाही."

"आणि बाकीच्या वेळी त्यावर कोण खेळणार?" बायकोने विचारलं.

"बाकीच्या वेळी तो रिकामाच असेल ना, आई," लेक म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कमालीचा निरागसपणा होता.

मला कल्पना पटली. खरं सांगायचं तर रस्त्यावर न जाता गाडी शिकण्याची कुठलीही कल्पना मला पटली असती. आणि त्यात खरेदी होती. खरेदीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मी कारखान्याच्या पद्धतीने फाइल उघडली. लेकीने मागणी लिहायची, मी शंका काढायच्या, तिने उत्तर द्यायचं, मग तीन दुकानांची कोटेशनं.

पहिल्याच पानावर मी अडकलो. लेक म्हणाली, पडद्यावर चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड जोरदार आणि प्रोसेसर साधा घेतला तर सगळं प्रोसेसरपाशी तुंबतं. हे मला लगेच समजलं, टोलनाक्यावर रोज तेच होतं. मग ती म्हणाली, उलटंही होऊ शकतं, कार्डापाशी तुंबू शकतं. झालं, माझं समजलेलं गेलं. सेकंदाला साठ चित्रं दिसली पाहिजेत असं तिने लिहिलं होतं. मी समासात लिहिलं, 'बस स्टॉप दोनच किमीवर आहे. साठ कशाला?' तिने त्याखाली लिहिलं, 'बाबा, प्लीज.' कार्डाला तीन तोंडं होती, पण तिन्हींना एकाच वेळी तीन मॉनिटर चालतील असं नाही, तिसऱ्यासाठी वेगळी वायर हवी, आणि ती वायर कार्डाच्या डब्यात येत नाही. डब्यात का येत नाही, हे ना तिला सांगता आलं, ना पुढे कोणाला.

एका शनिवारी आम्ही नेहरू प्लेसला गेलो. दुकानदाराने लेकीची यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अंकल, बच्चा कौनसा गेम खेलेगा?"

"मैं खेलूंगा."

"अच्छा. कौनसा?"

"घर से बस स्टॉप तक."

तो लेकीकडे वळून म्हणाला, "ये नया आया है क्या?"

लेक दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

कोटेशनं आली, आणि तेव्हाच मला खरी शंका सुचली. दोन मॉनिटर शेजारी ठेवले की मधे त्यांच्या कडांची काळी पट्टी येते. सायकलवाला नेमका त्या पट्टीमागे असला तर?

"गाडीलाही खांब असतो, बाबा. काच आणि दार यांच्या मधे."

"तो इतका रुंद नसतो."

"जा, मोज."

मी टेप घेऊन खाली गेलो. कव्हर काढलं, कितीतरी दिवसांनी गाडीत बसलो. खांब होता. त्याच्यामागे सोसायटीचा वॉचमन अख्खा, खुर्चीसकट मावत होता. मी डोकं पुढे घेतलं की तो दिसे, मागे घेतलं की जाई. दहा मिनिटं मी डोकं पुढेमागे करत राहिलो. शेवटी वॉचमनच उठून आला. "साहब, गर्दन में कुछ है क्या?"

त्यानंतर मोजमाप वाढतच गेलं. लेकीचं म्हणणं, गेममध्ये डोळ्यापासून पडद्याचं अंतर आणि बाजूच्या मॉनिटरचा कोन भरावा लागतो, नाहीतर रस्ता खोटा दिसतो. खोटा रस्ता मला चालणार नव्हता. मग डोळ्यापासून काचेपर्यंत, खांद्यापासून खिडकीपर्यंत, गुडघ्यापासून क्लचपर्यंत. एका माणसाला टेप धरणं जमेना, म्हणून बायको बाजूच्या सीटवर येऊन बसू लागली. ती एक टोक माझ्या कानाला लावी आणि आकडा लिहून घेई.

"शाळेत मुलांची उंची अशीच मोजतो आम्ही," ती म्हणाली. "ती हलत नाहीत एवढी."

फेब्रुवारीत नवा प्रश्न आला. वळताना बाजूच्या खिडकीत काय दिसतं? उभ्या गाडीत ते मोजता येत नव्हतं.

"मग वळवा," बायको म्हणाली.

"इंजिन चालू करावं लागेल."

"बिल्कुल. गाडीत ते त्यासाठीच बसवतात."

इंजिन दोनदा बंद पडलं, तिसऱ्यांदा लागलं. पहिल्या गिअरमध्ये मी सोसायटीच्या बागेला फेरी घातली. माझं सगळं लक्ष खिडकीकडे होतं, कारण बायको सारखी विचारत होती, आता डावीकडे काय? झोपाळा. आता? पाण्याची टाकी. ती लिहीत होती. घरी जाऊन मी ते पान फाइलला लावलं. पुढच्या रविवारी सहा फेऱ्या झाल्या, कारण पहिल्या फेरीचे आकडे जुळेनात. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा गिअर, कारण लेक म्हणाली की वेग वाढला की कोन वेगळा वाटतो.

त्या मधल्या काळात ठरलेलं कार्ड बाजारातून गेलं. कंपनीने ते बंदच केलं. नवं आलं त्याला मोठा पॉवर सप्लाय लागत होता, मोठा पॉवर सप्लाय ठरलेल्या कॅबिनेटमध्ये बसत नव्हता. मी फाइल परत पहिल्या पानावर नेली.

लेक वैतागली. "बाबा, तू रोज खाली जाऊन फिरतोस. असाच फिरत राहिलास तर मॉनिटरची गरजच राहणार नाही."

"ती गरज किती आहे हे ठरवायलाच तर फिरतोय."

"यार, हे कुठलं लॉजिक?" ती आईला म्हणाली. आई वह्या तपासत होती, तिने पुढची वही ओढली.

मार्चमध्ये मी आणखी एक उणीव काढली. गेममध्ये जपानचे रस्ते होते, जर्मनीचे होते, आमच्या सेक्टरचा नव्हता. लेक म्हणाली, तो बनवता येतो, वळणं आणि रुंदी मोजून दे. म्हणून दोन रविवार आम्ही गेटबाहेर पडलो आणि दुधाच्या बूथपर्यंत जाऊन परत आलो. गेटच्या खांबापाशी बायकोने डोळे मिटले होते, ते मी खिडकीच्या नोंदीत लिहिलं नाही. बूथच्या पुढे कुत्री होती. पुढचा रस्ता मॉनिटर आल्यावर, असं मी ठरवलं.

मेजरसाहेबांचं सामान ट्रकमध्ये चढलं. ते जाताना मला म्हणाले, "मग, तुमचं कॉम्प्युटरचं प्रकरण कुठवर?"

"स्पेसिफिकेशन जवळपास नक्की झालंय."

"शाब्बास," ते म्हणाले, आणि बायकोकडे बघून त्यांनी जरा जास्तच वेळ नमस्कार केला.

एक एप्रिलला सहा वाजता बायको पर्स घेऊन दारात उभी. "चला."

"अगं, अजून मॉनिटर आले नाहीत."

"मी मॉनिटरवर बसून शाळेत जाणार नाहीये. आज वर्ग ठरणार आहेत. वेळेवर पोचले तर माझं नाव यादीत राहील, नाही पोचले तर मीच बाईंना काढायला सांगणार आहे. चला."

मी बनियनवर शर्ट चढवला आणि खाली गेलो. गेटचा खांब गेला. दुधाचा बूथ गेला. कुत्री नेहमीच्या जागी नव्हती, रस्त्याच्या मधोमध होती. ती उठून बाजूला होईपर्यंत मी थांबलो. बायको घड्याळाकडे बघत होती. हायवेला लागलो तेव्हा बस समोरून सुटत होती.

"गेली," मी म्हटलं.

"मागे चला. पुढच्या स्टॉपला चढते."

मी मागे लागलो. पुढच्या स्टॉपला बस थांबली, मी तिच्यामागे थांबलो. बायकोने पट्टा सोडून दार उघडलं तोवर बस निघाली. त्याच्या पुढच्या स्टॉपला तेच. बसच्या पुढे जाऊन थांबावं हे मला सुचलं नाही असं नाही, पण पुढे जायचं म्हणजे बाजूने जावं लागतं, आणि बाजूला ट्रक होते. मागची बाजू मला सोयीची वाटली. बस ब्रेक लावे, मी लावी. टोलनाक्यावर ती बसच्या रांगेत शिरली, मीही शिरलो. आतला माणूस ओरडला, "ये बस है क्या?" मी म्हटलं, "बस के साथ हैं." त्याने हात हलवून कसलीशी पावती दिली.

विमानतळाच्या आसपास बायकोने पट्टा पुन्हा लावला आणि पर्स मागच्या सीटवर टाकली. बसच्या मागच्या काचेतून दोन नर्सेस आमच्याकडे बघून हात करत होत्या. तिनेही केला.

सात वाजून बारा मिनिटांनी आम्ही शाळेच्या फाटकाशी होतो. ती उतरली, साडी नीट केली आणि पळत आत गेली. बस पुढच्या चौकातून वळून दिसेनाशी झाली.

मी पुढे बघितलं. माझ्यापुढे कोणीच नव्हतं. कारखान्यात फोन करून सुट्टी टाकली, गाडी झाडाखाली घेतली आणि बस परत येण्याची वाट बघत बसलो. आली की मागे लागायचं, असा साधा विचार होता. आठ वाजले, दहा वाजले. शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरं फाटकाच्या गजांतून माझ्याकडे बघून गेली. एकाने विचारलं, "अंकल, खराब हो गई?"

"नहीं," मी म्हटलं. तो उत्तराने निराश झाला.

एक चाळीसला बायको बाहेर आली. मला बघून थबकली. "तुम्ही इथेच? सकाळपासून?"

"बस कितीला परत जाते?"

"कुठली बस?"

"आपली. सकाळची."

"ती कुठली परत यायला? आम्हाला सोडून ती टुरिस्ट घेऊन आग्र्याला जाते. दुपारी मी साध्या बसने येते, आणि हायवेवरून ऑटो. सात वर्षं." ती गाडीत बसली. "बरं झालं, तिच्यामागे गेला नाहीत."

मी चावी हातात धरून बसलो होतो. "मग आता?"

"बाईंनी विचारलं, नव्या वर्षाचं नक्की का. मी हो म्हटलं. चौथी 'ब' मला मिळाली." तिने पट्टा लावला, डब्यातली उरलेली अर्धी पोळी माझ्या हातात दिली आणि मी ती संपवेपर्यंत थांबली. "रस्ता मला पाठ आहे. मी सांगत जाते, तुम्ही तेवढंच करा. आधी सरळ. तो टेम्पो जाऊ दे. आता निघा."