अर्ध्या चेहऱ्याची परीक्षा

"हिच्या एका गालाला मेकअप आहे आणि दुसऱ्याला नाही," निखिल माझ्या कानाशी म्हणाला. "घाईत विसरली का?"

"विसरली नाही," मी म्हटलं. "रोज अशीच येते."

निखिल आमचा नवा एरिया सेल्स मॅनेजर. नाशिकचा, एमबीए झालेला, नुकताच बदली होऊन चेन्नईला आलेला. अण्णा नगरच्या मॉलमधल्या आमच्या कॉस्मेटिक्स काउंटरवर तो पहिल्यांदाच आला होता. एका गालाची बाई म्हणजे अमुदा, आमची सीनियर ब्युटी अ‍ॅडव्हायझर. आणि मी कंपनीची ट्रेनर. क्रीम-लिपस्टिक विकणाऱ्या मुलींना विकायला शिकवणं हे माझं काम. पोरांनो, मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसत विचारलंत ना, "आजी, लिपस्टिक विकायला शिकायचं काय असतं?" म्हणून हे लिहिते आहे.

तर या कामातही इयत्ता असतात. मुलगी आधी ट्रेनी म्हणून लागते. मग ब्युटी अ‍ॅडव्हायझर होते. तिला सगळे 'बीए' म्हणतात, त्याचा कॉलेजशी संबंध नाही. मग सीनियर, मग काउंटर इन-चार्ज. त्यापुढे कोणी माझ्यासारखी ट्रेनर होते, कोणी ऑफिसात जाते. अमुदा सीनियरवर अडकली होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी तिच्या आधी इन-चार्ज झाल्या होत्या. या वेळी नाव लागलं नाही तर सरळ दागिन्यांच्या दुकानात नोकरी धरणार, असं तिने मला बजावलं होतं. आणि नाव लावायचं निखिलच्या हातात होतं.

"इन-चार्जचा चेहरा बघून बायका माल घेतात, मॅडम," निखिल म्हणाला. "हिच्या गालावर केवढे डाग आहेत! वेलाचेरीच्या काउंटरवर एक छान मुलगी आहे. तिला करू."

अमुदाच्या दोन्ही गालांवर वांग होते. मुलं झाल्यावर पुष्कळ बायकांना तसे तपकिरी डाग येतात. ती उजवा गाल झाकायची आणि डावा मुद्दाम उघडा ठेवायची. येणारी प्रत्येक बाई थबकून विचारायचीच, की हे काय? विचारलं, की अमुदा तिला स्टूलवर बसवायची. कंपनीच्या नियमात मात्र अ‍ॅडव्हायझरने पूर्ण चेहरा करून उभं राहायचं असतं.

"तिने हे माझ्याकडूनच उचललंय," मी म्हटलं. "आम्ही त्याला हाफ-फेस म्हणतो. गिऱ्हाइकाचा अर्धाच चेहरा करायचा. आरसा हातात द्यायचा. आणि गप्प बसायचं. उरलेला अर्धा गिऱ्हाइकाने आपणहून मागितला, की विक्री झाली."

"जुनं झालं हो ते. आता लोक रील बघून घेतात. मी तर कधीच मागणार नाही."

"मग बसा."

"मी?"

"तुमच्या डोळ्यांखाली चांगलं काळं आहे. तुम्ही उरलेला अर्धा मागितलात, तर अमुदा इन-चार्ज. नाही मागितलात, तर ती उद्यापासून दोन्ही गाल रंगवून येईल आणि मी तिचं नाव पुन्हा काढणार नाही."

निखिलला पैज आवडली. तो टाय सैल करून स्टूलवर बसला. "पण हिने एका शब्दाने सुचवायचं नाही. अवाक्षर नाही!"

आता घाबरायची पाळी माझी होती. अमुदाचा हात उत्तम, रंगाची नजर त्याहून उत्तम. पण गप्प बसणं तिला अजिबात जमत नसे. आरसा दिल्याबरोबर ती नणंदेच्या गोष्टी सुरू करायची. गिऱ्हाईक पोटभर हसायचं आणि काही न घेता जायचं.

मी तिला तमिळमध्ये अटी सांगितल्या. तिने डोळे मोठे केले. "मॅडम, मला विचारायचं तरी!"

"आता तोंड बंद," मी म्हटलं.

तिने त्याच्या उजव्या डोळ्याखाली नारिंगी क्रीम लावलं. निखिल दचकला. "काकू, हे नारिंगी काय?"

मघाची मॅडम आता काकू झाली होती. "काळ्यावर आधी नारिंगी लागतं. त्यावर तुमच्या रंगाचं कन्सीलर. भिंतीला रंगाआधी प्रायमर देतात, तसं."

"तुमचं मराठी ना, काकू, म्युझियममधलं वाटतं." पोरांनो, आपली घरात बोलायची भाषा तंजावरची जुनी मराठी. हे लिहायचं मराठी मी तुमच्यासाठी इस्त्री करून आणते.

"हो," मी म्हटलं, "आणि आत यायला तिकीट लागतं. हलू नका."

अमुदाने काम संपवलं आणि आरसा दिला. निखिलने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. उजवी बाजू सुट्टीवरून परतलेली दिसत होती. डावी मार्च-एंडला राबून आलेली. तो बराच वेळ बघत राहिला.

"बरं आहे," तो म्हणाला. "पण नको. पुसून टाका."

"पुसायला रिमूव्हर लागतो," मी म्हटलं. "तोही आम्ही विकतो. डेमो देऊ?"

तो उठला आणि तरातरा वॉशरूमकडे गेला. परत आला तेव्हा मेकअप जागच्या जागी होता. तो घामातही टिकतो. मॉलच्या हात धुण्याच्या साबणापुढे तो काय हार मानणार! डोळा तेवढा लाल झाला होता.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक मामी काउंटरपाशी थांबल्या. त्यांनी निखिलकडे निरखून पाहिलं.

"तम्बीचा हा डोळा झोपून उठलाय आणि तो रात्रभर जागलाय. असं कसं?"

निखिलला तमिळ जेमतेम कळे. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला, तम्बी म्हणजे धाकटा भाऊ हेसुद्धा. ते माझं कर्तव्यच होतं.

"यांना सांगा, या बाजूला आपलं कन्सीलर लावलंय," निखिल गाल पुढे करून म्हणाला. मुळात हाडाचा सेल्समन.

"मग त्या बाजूला का नाही?" मामी म्हणाल्या. "संपलं? एवढ्या मोठ्या दुकानात?"

अमुदाचा चेहरा कढईतल्या पुरीसारखा फुगला. तिने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला. अट अवाक्षराची होती, पायाबद्दल काही ठरलं नव्हतं. तिने तोंड मिटलं आणि कापसाच्या घड्या घालत बसली.

तेवढ्यात निखिलचा फोन वाजला. मुंबईच्या हेड ऑफिसचा व्हिडिओ कॉल. त्याने फोन डावीकडे धरून पाहिला, उजवीकडे धरून पाहिला. मग भिंतीकडे पाठ केली आणि एका बाजूने वळून बघितलं. कसाही धरला तरी पडद्यावर दोन माणसं दिसत होती. त्याने कॉल कापला, "पाच मिनिटांत जॉइन होतो" असं टाइप केलं आणि स्टूलवर येऊन बसला.

"करा," तो अमुदाला इंग्रजीत म्हणाला.

"काय करू, सार?" अमुदाने विचारलं. इतक्या वेळात तिचा तो पहिला शब्द.

"हेच. उरलेलं."

"उरलेलं काय, सार?"

"उरलेला अर्धा चेहरा! प्लीज!"

"अय्यो सार, आधी सांगायचं ना," ती म्हणाली आणि ब्रश उचलला.

"यांच्यानंतर माझा नंबर," मामींनी पिशवी खाली ठेवली. "मला मात्र एकदमच पूर्ण करा. अर्ध्या चेहऱ्याने मी बसमध्ये चढणार नाही."

निखिलने दोन्ही बाजूंनी कॉल घेतला. मुंबईचे साहेब म्हणाले, "चेन्नईची हवा मानवलेली दिसते." त्याच कॉलवर त्याने अमुदाचं नाव सांगितलं. शब्दाचा पक्का निघाला, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. जाताना त्याने ते कन्सीलर विकत घेतलं. बहिणीसाठी, म्हणाला. शेड त्याचीच होती.

अमुदा पुढच्या महिन्यापासून इन-चार्ज झाली. दागिन्यांचं दुकान अजून तिची वाट बघत असेल. हेड ऑफिसचा पूर्ण चेहऱ्याचा नियम काही बदलला नाही. तपासणीला आला, की निखिल तिच्या नावापुढे 'डेमो चालू आहे' असं लिहून पुढे जायचा.

तुम्हीही कधी नोकऱ्या कराल, म्हणून एक सांगून ठेवते. मॅनेजरशी वाद घालू नये. वादात तो मॅनेजरच राहतो. स्टूलवर बसवला, की गिऱ्हाईक होतो.