कंपाउंड धनुष्याला वळलेलं दावं

२०२३ साल. मला बाहत्तर पूर्ण झाली होती, आणि शाळा तर तिसरीतच सुटलेली. नातीला तिच्या मामानं कंपाउंड धनुष्य घेऊन दिलं. दोन टोकांना चाकं, मधी दोऱ्याच दोऱ्या. बरं, आणलं तर आणलं, पण मागून यादी आली. त्याला उभं राहायला स्टँड, बाणाला भाता, हातातून पडू नये म्हणून मनगटाची दोरी. सगळं विकत!

मी नांदेडच्या दुकानात जाऊन पाहिलं. स्टँड म्हणजे तारेच्या दोन तंगड्या. भात्याला रंगीत चेन, आत कागदासारखं प्लास्टिक.

"आजोबा, बाहेरच्या देशातला माल हाय," दुकानदार म्हणाला.

"मग त्यांनाच दे परत."

नेम धरायची साईट अन् बाण सोडायची कळ विकतची राहू दिली. तेवढं कळतं मला. बाकीचं घरी केलं. मोडक्या वखराच्या लोखंडाचा स्टँड. विहिरीवरच्या मोटारीच्या उरलेल्या पाइपाचा भाता, आतून घोंगडीचे तुकडे. दोरी तागाची, तीन पदरी. माझ्या हातचं दावं आजवर एका बैलानं तोडलं न्हाई.

सरावाच्या मैदानावर तिचे सर हसले. "आजोबा, हे काय, औत जुंपायचंय का?"

घटकाभरानं वारा सुटला, तसे शेजारचे दोन विकतचे स्टँड धनुष्यासकट आडवे झाले. माझा हालला न्हाई. मी सरांकडं पाहिलं, तर ते मोबाईलमधी पाहून राहिले होते.

पण नातीचे बाण डावीकडं जाऊ लागले. एक न्हाई, ओळीनं चार. अन् दोन दिवसांवर लातूरची निवड चाचणी. तिथं हुकली की वर्ष गेलं.

"ती दोरी काढ," सर म्हणाले.

"दोरीनं काय केलं? पोरीचं ध्यान न्हाई," मी म्हणलं.

नात खाली मान घालून उभी राहिली. ते मला लागलं.

सरांनी आपल्या पिशवीतून नायलॉनची दोरी काढून तिला बांधली. बुटाची नाडी बरी! बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्यात गेला. दुसराही तिथंच.

मग मी तिच्या मागं बसून नीट पाहिलं. बाण सुटला की धनुष्य आपसूक पुढं झुकतं. दोरीनं त्याला झुकू द्यायचं, फक्त पडू द्यायचं न्हाई. माझी दोरी झुकूच देत नव्हती. घामानं ताग आणखी आवळला अन् तिची मूठ वळली. बैल धरायला वळतात तशी दोरी मी वळली होती.

सरांना हे सांगितलं न्हाई. कशाला सांगू?

उमरीला घरी परतताना बसमधी नात म्हणाली, "आबा, विकतचीच घेऊ का?"

"नाडी बांधून लातूरला जाती का?"

"मग तुम्ही सैल करून द्या."

"सैल दोरी काय कामाची?" मी म्हणलं, अन् खिडकीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी मी ती दोरी सगळी उसवली. ताग फेकला. मऊ सुताची नवी वळली, दोन बोटं सैल. अंगणात पोत्याच्या निशाणावर नातीनं सहा बाण सोडले. बाण कुठं लागले ते तिनं पाहिलं. मी धनुष्य पाहत होतो. सहाही वेळा पुढं झुकलं अन् दोरीत लटकलं.

मग सरांची ती नायलॉनची नाडी मी घेतली अन् त्या नाडीनं आमच्या शेळीच्या करडाच्या गळ्यात घुंगरू बांधलं.