दुर्गेशच्या खिशातला कांदा

आमचा दुर्गेश कसा आहे सांगू? उष्णतेवर पीएचडी करतो आणि मे महिन्यात शर्टाच्या खिशात कांदा ठेवून प्रयोगशाळेत जातो, तसा. मी त्याची मोठी बहीण रितिका, मला बोलायचा हक्क आहे.

कांदा आईचा. ऊन लागू नये म्हणून कांदा दिल्याशिवाय ती मनीषनगरच्या घरातून कुणालाच सोडत नाही. कुरिअरवाल्यालासुद्धा नाही.

दुर्गेशचं काम म्हणजे केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा चांदीच्या पत्र्यावर बसवायचा, लेसरनं क्षणभर तापवायचा आणि कसा निवतो ते मोजायचं. पदार्थातली उष्णता बारीक थरथरीच्या लाटांनी चालते, त्यांना फोनॉन म्हणतात. ते दिसत नाहीत. कोणता किती लांब जातो ते निवण्यावरून ताडायचं, खरकट्या पत्रावळींवरून पंगत किती जेवली ते ताडावं तसं.

पण याचे फोनॉन चांदीपाशी पोचले की अडायचे. का, ते कळेना. मार्गदर्शक अरुंधती मॅडम म्हणाल्या, "कारण सापडलं नाही तर प्रबंध विसर." पोरानं जेवण टाकलं. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली होती, मला खरंच भीती वाटली.

मग आई लग्नाला खाप्याला गेली. कांदा बंद, आणि पापुद्रे शहाण्यासारखे निवू लागले. आई परतली, कांदा परतला, फोनॉन पुन्हा अडले. पापुद्रा बसवायला हा वाकला की खिसा बरोबर चांदीवर यायचा. कांद्याच्या वासातल्या गंधकानं तिच्यावर काळसर थर चढायचा आणि फोनॉन त्या थरापाशीच अडायचे. त्यानं कांदा ठेवून आणि काढून पुन्हा पुन्हा मोजलं, प्रबंधात लिहिलं. घरी मात्र चकार शब्द नाही. रोज मुकाट कांदा घ्यायचा आणि वळणावरच्या चाटवाल्याला देऊन टाकायचा.

तोंडी परीक्षेला आई आलीच. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "थोडक्यात सांगा, कांद्यानं नेमकं काय केलं?"

दुर्गेश आईकडे न बघता पुटपुटला, "सर, उष्णता अडवली."

आई उठून उभी राहिली. "मंग मी काय सांगून राहिली होती गा इतके दिवस? आता मशीननं सांगतलं तं पटलं तुले?"

मॅडम कागद चाळत बसल्या. दुर्गेश डॉक्टर झाला.

बाहेर ऊन रणरणत होतं. गाडीकडे निघालेल्या परीक्षकांना आईनं थांबवलं, पिशवीत हात घातला. त्यांनी निमूट खिसा पुढे केला. त्यांच्यामागं दुर्गेश आपला खिसा उघडून उभा होता.

परतताना वळणावर चाटवाला वाट बघत होता. दुर्गेशनं गाडी थांबवली नाही.