वैशूची पट्टी

हुशार मूल घरात असलं की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. त्यात आमच्या वैशूला दिसायचं कमी आणि सुचायचं जास्त! मग काय विचारता?

तेव्हा आम्ही बोईसरला राहायचो. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात फिटर.

*

वैशू पहिलीत होती. धडे घडाघडा वाचायची. एकदा बाईंनी पुस्तक हातात देऊन सांगितलं, "वाच." हिनं पाऊस-बेडकाचा अख्खा धडा न अडखळता म्हटला.

बाई म्हणाल्या, "शाब्बास! पण वैशाली, हे गणिताचं पुस्तक आहे!"

तेव्हा कुठे कळलं. पोरगी वाचत नव्हतीच, ऐकून पाठ करत होती.

*

पालघरच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर. डावा तिरळा, शिवाय आळशी. "चष्मा घालायचा आणि उजव्या डोळ्यावर पट्टी. म्हणजे डावा काम करील."

वैशू म्हणाली, "काम करतो उजवा, आणि शिक्षा पण त्यालाच?"

*

पट्टीचे पहिले दिवस वाईट गेले. दाराच्या चौकटीला धडकायची. "आई, काढ ना. सगळं धूसर झालंय."

शाळेत पोरं "एकडोळी" म्हणून चिडवायची. एक दिवस हिनंच त्यांना सुनावलं, "एका डोळ्यानं पहिला नंबर काढते. दुसरा उघडला तर तुमचं काय होईल?"

*

मग कुणीतरी मुंबईचे डॉक्टर सुचवले. ते म्हणाले, तिरळेपणाचं ऑपरेशन करून टाका. ह्यांना पटलं. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे!" मी म्हटलं, एवढ्याशा पोरीला भूल द्यायची नाही. घरात नुसती धुसफूस.

पुन्हा त्यांच्याकडे गेलो, तर वैशूनंच विचारलं, "डॉक्टरकाका, ऑपरेशन केल्यावर डोळा नीट दिसेल, की डोळ्याला नीट दिसेल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "डोळा नीट दिसेल. डोळ्याला दिसायला पट्टीच लागेल."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "मग आधी पट्टी. ऑपरेशनचं मागाहून बघू."

*

दिवाळीच्या सुट्टीत सातपाटीला माझ्या माहेरी गेलो. माझ्या आयला ही पट्टी मुळीच मान्य नव्हती. "पोरीचा चांगला डोला बांधून ठेवता! तुमाला काय अक्कल हाय का नाय?"

ती अंगणात बोंबील निवडत बसली होती. समोर वैशू; उजव्या डोळ्यावर पट्टी, वर चष्मा. आयच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. एकदम ओरडली,

"आजी, तुला मिशी हाय!"

शेजारच्या बायका खो खो हसत सुटल्या. ह्यांनी धावत येऊन पट्टी चाचपली. घट्ट चिकटलेली होती.

आय उठली. हात लुगड्याला पुसले, वैशूपुढे उकिडवी बसली आणि आपलं तोंड पुढे करून म्हणाली,

"किती केस हायेत? मोज बघू!"