मॅटची आयुधपूजा

येलहंक्याच्या मैदानावर मी मुलींना खो-खो शिकवते. फुकट शिकवते, म्हणूनच बहुधा मला कुणी काढून टाकत नाही. तिथल्या लाल मातीत आम्ही अनवाणी खेळायचो आणि सुखात होतो. मग दिल्लीतल्या महासंघाला खेळाचा विकास करायची हुक्की आली. यापुढे सामने मॅटवर, बूट घालून. माती टीव्हीवर बरी दिसत नाही म्हणे. प्रत्येक केंद्राला मॅट मिळणार होती, आणि जे ती नीट सांभाळतील त्यांनाच पुढची मदत.

ही शेवटची अट आमच्या सेक्रेटरींनी फारच मनावर घेतली. निवृत्त, सज्जन माणूस. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मॅट आली, नारळ फुटला, आणि तिचे निळे तुकडे मैदानाकडेच्या खोलीत कुलपात गेले. किल्ली अण्णांच्या जानव्याला. दसऱ्यात आयुधपूजेला तेवढी खोली उघडायची. मॅटला हळदकुंकू, झेंडूची माळ, दारात कोहळा फोडायचा. त्या दिवशी आयुधं वापरायची नसतात. आमच्या मॅटला ती सुट्टी वर्षभर असायची.

माझ्याकडे तेव्हा एक मुलगी होती. माझ्यासारखीच सीमाभागातली, घरी मराठी, शाळेत कन्नड. तिने सूर मारला की समोरची गेलीच म्हणून समजा. राज्याच्या मुलींच्या संघात यायला वयाप्रमाणे तिचं ते शेवटचंच वर्ष होतं, आणि निवड चाचणी अर्थातच मॅटवर.

"अण्णा, चाचणीपर्यंत तरी मॅट अंथरू द्या," मी म्हणाले.

"स्वल्प धीर धरा की, अक्का. दिल्लीचे साहेब एकदा बघून जाऊ देत. एखादा तुकडा फाटला तर पुढचं सगळं जाईल."

"पुढचं म्हणजे काय?"

"दुसरी मॅट."

मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर मला कॉफी पाजली.

चाचणी बेळ्ळंदूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. मुलीच्या पायात मैत्रिणीचे बूट. मातीत पाय थोडा घसरू द्यायचा आणि त्याच झोकात खांबाला वळायचं, ही तिची सगळी कला. मॅट पाय घसरू देत नाही. पहिल्याच वळणाला बूट जागीच चिकटला आणि ती तोंडावर आपटली. उठली, पुन्हा पडली. त्यानंतर तिने सूर मारलाच नाही. मला रडू आलं. ती रडली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

निवडलेल्या मुली बहुतेक एकाच केंद्रातल्या होत्या. त्यांनी खेळून खेळून आपल्या मॅटच्या चिंध्या केल्या होत्या.

काही दिवसांनी दिल्लीचे साहेब आले. आम्ही मॅट अंथरली. तिला अजून नवेपणाचा वास होता. साहेबांनी बोट फिरवून धूळ आहे का पाहिलं आणि खूश झाले. चिंध्या करणाऱ्या केंद्राची मदत थांबली, आमचं केंद्र आदर्श ठरलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला पुन्हा कॉफी पाजली, माणूस सज्जनच.

दुसरी मॅट टेम्पोतून आली तेव्हा तुकडे उतरवायला हात कमी पडत होते. ती मुलगी आता खेळायला येत नव्हती, पण कॉलेजातून घरी जाताना तिने आमची धावपळ पाहिली आणि आपणहून आली. उंबऱ्याबाहेर चपला काढून एकेक थप्पी आत नेऊ लागली. पहिली मॅट कोपऱ्यात होती, वाळलेल्या माळेसकट.

"अक्का, अजून कशी नवी दिसते हो," ती म्हणाली.

मागे सरकताना तिचा पाय चुकून मॅटला लागला. तिने पटकन वाकून मॅटला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.