डावीकडचं सांगत जा

आमची गाडी आली तेव्हा मुरुममध्ये मोटारी दोनच होत्या. एक पेठेतल्या अडत्यांची, जुनी, लांबरुंद. आणि आमची ही छोटी, नवीकोरी, करड्या रंगाची. हैदराबाद संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं लोटली होती, आमचा मुलूख मराठी राज्यात आला होता, तरी म्हातारी माणसं कलेक्टरला अजून तालुकदारच म्हणत. आमच्या गाडीलाही तालुकदाराची गाडी म्हणून बघायला यायची.

माझे यजमान डॉक्टर. हैदराबादला शिकलेले. मुरुमच्या पेठेत त्यांचा दवाखाना होता. खेड्यातून बोलावणं आलं की आधी सायकल, नाहीतर बैलगाडी. पावसाळ्यात चाकांत काळी माती भरली की सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवायचा. म्हणून गाडी घेतली. पण पेट्रोल मुरुमला मिळत नसे. ते उमरग्याला, हमरस्त्यावर, आणि तिथंही पुष्कळदा पंपवाला लांबूनच हात हलवायचा, "खतम हो गया, डॉक्टरसाब." त्यामुळं टाकीत आहे तेवढ्यात किती गावं होतील, हा आमच्या घरात रोजचा प्रश्न होऊन बसला.

यांनी तो फार मनावर घेतला. सकाळी गाडी थंड असतानाच चाकांतली हवा बघायची. मागच्या डब्यात एक जादा पोतं राहू द्यायचं नाही. इंजिन सुरू ठेवून कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत. गाडी हळूच उचलायची, लवकर वरच्या गिअरमध्ये घालायची आणि मग एका चालीनं न्यायची. पायाचा दाब असा, की गाडीला कळू नये. "ब्रेक लावला म्हणजे तेवढं पेट्रोल रस्त्यावर सांडलं," असं ते म्हणायचे. पुढं वळण आहे, जनावर आहे, चढ आहे, हे लांबूनच कळलं तर पाय आधीच काढून घेता येतो आणि ब्रेकची गरजच पडत नाही.

त्यासाठी मी पुढच्या सीटवर बसायचं. आधी मुलं पुढं बसण्यासाठी भांडत, ते यांनी बंद केलं.

"तू डावीकडचं सांगत जा," ते म्हणाले. "जे दिसेल ते. गाडी, गुरं, माणूस, खड्डा. मी समोर बघतो."

मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. मी तुळजापूरच्या मास्तरांची मुलगी. सासर मोठं, माणसांनी भरलेलं. दिवसभरात नवराबायकोचं बोलणं व्हायचं ते जेवायला वाढलंय आणि दवाखान्यातून माणूस आलाय, एवढंच. गाडीत मात्र मी बोलत राहायची आणि ते ऐकत राहायचे. बाभळीखाली बैलगाडी. पुलाशी शेळ्या, राखणारा झोपलाय. बाई डोक्यावर कडबा घेऊन चाललीय. मी सांगायची, आणि गाडी आवाज न करता हळू व्हायची, पुन्हा चालीला लागायची.

गॅलनमागं आमची गाडी इतके मैल जाते म्हणून गावात बोलबाला झाला. अडते स्वतः एकदा दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसले. "डॉक्टर, आमची गाडी पेट्रोल पाण्यासारखी पिती. तुम्ही काय जादू करता ते तरी सांगा." यांनी त्यांना तासभर सगळं समजावून सांगितलं. अडते मान डोलवत होते. निघताना यांचा पाय ओट्यावरच्या पाण्याच्या तांब्याला लागला आणि सगळं पाणी अडत्यांच्या धोतरावर. सगळे हसले. हेही हसले. घरातसुद्धा असंच चालायचं. पाट पायात यायचा, दाराची चौकट खांद्याला लागायची. सासूबाई म्हणायच्या, "पेशंटचा विचार करत चालतोय, दुसरं काय."

माझा भाऊ एकदा लातूरहून आला. यांच्याबरोबर उमरग्याला जाऊन आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, भाऊजींनी मोटार घेतली का छकडा? रस्त्याच्या मधोमध चालवतात. मागून ट्रक भोंगा वाजवून वाजवून थकला. आणि दिवस मावळायच्या आत परत यायची काय घाई!"

"दिवे लावले की इंजिनवर भार येतो. पेट्रोल जास्त जातं," मी यांचंच उत्तर त्याला दिलं.

"तेवढ्यानं काय होतंय?" तो म्हणाला. मला त्याचा रागच आला.

त्याच हिवाळ्यात आम्ही तुळजापूरला माझ्या माहेरी जाऊन परत येत होतो. नळदुर्ग मागं पडलं, हमरस्ता सोडून आम्ही मुरुमच्या फाट्याला लागलो. दुपार कलली होती, पण ऊन लख्ख होतं. दोन्ही मुलं मागं झोपली होती. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. डाव्या कडेनं एक माणूस सायकलवर चालला होता. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. एवढा ढळढळीत दिसत होता की सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. गाडी आता बाजूला होईल, असं मी धरून चालले. गाडी बाजूला झाली नाही.

"अहो!" मी ओरडले.

तोवर धक्का बसला होता. सायकल फरफटली आणि माणूस कडेच्या चारीत जाऊन पडला.

यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "काय लागलं?"

तो माणूस पडला त्याची भीती मला नंतर वाटली. आधी वाटली ती या प्रश्नाची. समोर, हाताच्या अंतरावर घडलं होतं, आणि हे मला विचारत होते, काय लागलं.

मग ते धावले. जवळच्या एका गावचे शाळामास्तर होते ते. यांनी त्यांच्या आईला न्यूमोनियातून वाचवलं होतं. मास्तरांचा उजवा हात कोपराखाली मोडला होता. यांनी माझ्या शालीची झोळी केली, ज्वारीची ताटं मोडून हाताला आधार बांधला. हात भराभर चालत होते, जरा चुकत नव्हते. मास्तर कळा सोशीत म्हणाले, "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, डॉक्टर. माझीच सायकल मधे आली. चूक माझीच हाय."

यांनी वर बघितलं नाही. गाठ मारत म्हणाले, "हलू नका मास्तर."

तेवढंच. तुमची चूक नाही, असं म्हणाले नाहीत.

मास्तरांना तसंच सोलापूरला नेऊन हाड बसवून घेतलं. वाटभर मी डावीकडचं आणि उजवीकडचं, दोन्हीकडचं सांगत होते. मास्तरांना काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं, आम्ही मुक्काम नातेवाइकांकडं केला. सकाळी परत निघताना मुलांना गाडीत बसवलं आणि मी बाहेरच उभी राहिले.

"बस ना," हे म्हणाले.

"आधी सांगा. तुम्हाला ते दिसले होते का?"

ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "समोरचं चांगलं दिसतं. पुस्तकातलं बारीक अक्षर दिसतं. बाजूचं गेलंय. डावीकडचं जास्त."

"कधीपासून?"

"गाडी घ्यायच्या आधीपासून."

काचबिंदू. डॉक्टरच ते, त्यांना नाव माहीत होतं. त्यांच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. घरात सगळे देवीच्या आजारानं डोळे गेले म्हणत, पण हे लहानपणी त्यांना धरून विहिरीवर नेत असत आणि पुढं कॉलेजात शिकताना त्यांना कळलं होतं की तो देवीचा आजार नव्हता. आपलं सुरू झालंय हे ओळखल्यावर त्यांनी कुणाकडं डोळे दाखवले नव्हते. थेंब नाही, तपासणी नाही.

"लोकांना कळलं तर कोण माझ्याकडून सुई टोचून घेईल?" ते म्हणाले. "आणि तुला सांगितलं असतं तर तू गाडी चालवू दिली नसतीस."

"आणि ते मैल? ते पेट्रोल?"

"ते खरंच होतं," ते म्हणाले. "हळू चालवलं की पेट्रोल वाचतंच."

मुलं मागून बघत होती. मला रडूही येईना. माझ्या सगळ्या जन्मात नवऱ्याशी मी सर्वांत जास्त बोलले ते त्या गाडीत, आणि तेव्हा मी बोलत नव्हते, त्यांच्या वाटेवर दिवा धरून उभी होते, हे मला न सांगता त्यांनी ठरवलं होतं. ही गोष्ट मला आजही बोचते. सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं का? गाडीला म्हटलं असतं. दिव्याला नाही.

त्याच दिवशी आम्ही सोलापुरातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते यांच्याहून वयानं लहान होते आणि फार अदबीनं बोलत होते. "गेलेलं परत येणार नाही, सर. राहिलंय ते धरून ठेवू." थेंब दिले. शस्त्रक्रिया करायची म्हणाले. परत येताना एक ड्रायव्हर बोलावला. हे माझ्या शेजारी मागं बसले, खिडकीबाहेर तोंड करून.

महिनाभरानं, मास्तरांचं प्लास्टर निघालं तेव्हा, हे म्हणाले, "मला त्यांच्या गावी जायचंय." मी ओळखलं. मी जा म्हटलं नाही, जाऊ नका म्हटलं नाही, बरोबर गेले.

मास्तरांच्या घरी चहा झाला. हात वाकडा बसला होता. फळ्यावर लिहिताना कळ येते म्हणाले. यांनी कपबशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. मला डावीकडचं दिसत नाही. तुमची चूक नव्हती. त्या दिवशी तुम्ही तसं म्हणालात आणि मी ते तसंच राहू दिलं.

मास्तरांनी हाताकडं बघितलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हे तुम्ही सांगायला नको होतं. इतके दिवस माझंच नशीब म्हणून मी गप होतो. आता मला राग आल्याशिवाय राहायचा न्हाय."

"यायलाच पाहिजे," हे म्हणाले.

"आणि दिसत न्हाय म्हणता, तर माझ्या आईला सुया कशा टोचल्या तुम्ही?"

यांनी समोरचं दिसतं, बाजूचं नाही, असं समजावायचा प्रयत्न केला. पण माणूस एकदा भ्यालेला असला की त्याला अर्धं दिसणं कळत नाही. आम्ही उठलो तेव्हा मास्तर दारापर्यंत आले नाहीत. त्यांची म्हातारी आई आली. यांच्या हातावर हात ठेवून उभी राहिली.

बातमी पंचक्रोशीत पसरली. मास्तरांनी मुद्दाम सांगितली असं मला वाटत नाही, पण लपवलीही नसावी. दवाखान्याच्या ओट्यावर पहाटेपासून माणसं बसलेली असत, ती हळूहळू दिसेनाशी झाली. काही जण उमरग्याला जाऊ लागले. बायका मला विहिरीवर विचारत, "व्हय वैनी, डॉक्टरला लई अंधारी येती म्हनं?" जुने लोक येत, पण सुई नको, गोळ्याच द्या म्हणत. यांनी टाके घालणं स्वतःच बंद केलं. कंपाउंडर सुया टोचू लागला, हे नाडी बघत, छाती ऐकत. ते ऐकणं त्यांचं शेवटपर्यंत चोख राहिलं, पण त्यासाठी येणारी माणसं थोडी होती.

गाडी विकायची ठरत होती. सासूबाईंनी तर तिचं तोंड बघायचं सोडलं होतं. मी म्हटलं, मी शिकते. घरात दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. "डॉक्टरच्या बायकोनं ड्रायव्हरकी करायची?" दीर म्हणाले. हे मात्र मला गावाबाहेरच्या माळावर घेऊन गेले आणि डाव्या सीटवर बसले. त्यांना आता माझ्या पायाकडं बघून कळत नसे, आवाजावरून कळायचं. "जास्त दाबलास. ऐक, इंजिन ओरडतंय. सोड. आता वरचा गिअर." कधी चिडायचे. एकदा मी बांधावर गाडी घातली तर खाली उतरून दूर जाऊन उभे राहिले, पाठ करून. मला वाटलं रागावले. जवळ गेले तर रडू आवरत, ओठ घट्ट मिटून उभे होते.

उस्मानाबादला जाऊन मी लायसन काढलं. तिथल्या साहेबानं दोनदा विचारलं, "बाई, तुम्हीच चालवणार?"

मग बोलावणं आलं की मी त्यांना न्यायची. पावसात, काळ्या मातीत, कधी दिवे लावून. लोक आधी बघायला जमायचे, नंतर सवय झाली. मला कधी मजा आली नाही, लोक समजतात तशी. वाटेत प्रत्येक सायकलवाला दिसला की मी भोंगा वाजवून गाडी हळू करायची. आणि हे शेजारी गप्प असत. मी आता वाटेतलं काही सांगत नव्हते, सांगायचं कारण उरलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांना आवडलं असतं की लागलं असतं, ते मला ठरवता आलं नाही, आणि विचारायचंही झालं नाही.

शस्त्रक्रियेनं एक डोळा टिकला, दुसरा गेला. मास्तर आमच्याकडं पुन्हा कधी आले नाहीत. त्यांची आई गेली तेव्हा निरोप मात्र आला. आम्ही गेलो. मास्तरांनी यांचा हात धरून पायरी उतरवली, त्याच वाकड्या हातानं, आणि लगेच सोडला.

मुलं मोठी झाली तशी मी दोघांना दरवर्षी सोलापूरला डोळे दाखवायला न्यायची. मुलगा कंटाळायचा. मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी तिच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. दिसण्यात अजून काहीच फरक नव्हता, वेळेवर कळलं होतं. दवाखान्याच्या बाकावर हे बसले होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं, चेहरा नीट दिसावा म्हणून आपल्या समोर, अगदी मधोमध उभं केलं, आणि थेंब कसे टाकायचे ते स्वतः करून दाखवलं. एका डोळ्यानं अंदाज चुकला आणि पहिला थेंब तिच्या गालावर पडला. तिनं तो पुसला नाही. मान मागं टाकून तशीच उभी राहिली, त्यांनी दुसरा टाकेपर्यंत.