हात जोडलेली प्यादी

साखर कारखान्याची जीप शाळेच्या आवारात शिरली आणि मुख्याध्यापकांनी मला भर तासातून बोलावून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर दोन काळज्या होत्या. मी काहीतरी करून बसलो असेन ही एक, आणि मला काहीतरी मिळणार असेल ही दुसरी. जीपमधून आलेल्या कारकुनाने पत्र माझ्या हाती दिलं. कारखान्याने ‘सहकार बुद्धिबळ’ या नावाचा खास डाव तयार करवला आहे. असे पन्नास डाव गळीत हंगामाच्या शुभारंभाला पाहुण्यांना भेट द्यायचे आहेत. तरी जाणकार खेळाडू या नात्याने मी नमुना तपासून अभिप्राय द्यावा, असा मजकूर होता.

“कशाला बोलावतायत?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“बुद्धिबळ तपासायला.”

“ते झालं. खरं कारण?”

“मीही तोच विचार करतोय.”

खरंच करत होतो. साल बहात्तरचं. विहिरींचे तळ दिसत होते, निम्म्या गावाची जनावरं छावणीत होती, आणि गाळायला ऊस किती येणार हे कारखान्यालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी कुणाला बुद्धिबळ सुचतं, याचा मला संशय आला. शिवाय मीच का? मी कारखान्याचा सभासद नव्हतो. नगरच्या एका स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता, त्याचा पत्रात उल्लेख होता. त्या स्पर्धेत आम्ही पाचच जण होतो, हे मात्र पत्रात नव्हतं.

पण खेळाचा नाद खराच होता. दर रविवारी दवाखान्याच्या कंपाउंडरबरोबर मी कापडी पटावर बसत असे आणि डाव कसा असावा याबद्दल माझी मतं पक्की होती. सोंगटी तळाला जड हवी, म्हणजे बोट लागून पडणार नाही. लांबून पाहिलं तरी कोण कोण आहे ते कळलं पाहिजे. आणि कुणी कुणाच्या आड लपता कामा नये. एवढं जमलं की बाकी नक्षी कशीही असो.

कारखान्यातल्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांच्या खोलीत टेबलावर पट मांडून वर रेशमी रुमाल घातलेला होता. कोनशिलेवरचा पडदा ओढावा तसा त्यांनी तो ओढला.

सागवानाची पांढरी बाजू, शिसवाची काळी. कोपऱ्यांत हत्तींच्या जागी कारखान्याची धुराडी होती. घोड्यांच्या जागी बैल होते. बैल अडीच घरं उडी मारून जातो, हे मी बाजारात पाहिलेलं असल्याने हरकत घेतली नाही. उंटांच्या जागी ट्रॅक्टर होते. उंट तिरका जातो, आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडचे ट्रॅक्टरही तसेच जात. वजीर म्हणजे फाइल बगलेत मारलेले कार्यकारी संचालक. राजाच्या जागी फेटा बांधलेले अध्यक्ष, वितीएवढे उंच. त्यांच्या मागे धुराडंसुद्धा दिसत नव्हतं.

“कसं वाटतंय, सर?”

“प्यादी उलटी लागली आहेत.”

आठही प्याद्यांची तोंडं स्वतःच्या राजाकडे होती. धोतर नेसलेली माणसं, हात जोडून, किंचित वाकून उभी.

“उलटी नाहीत. तशीच आहेत,” अधिकारी म्हणाले. “सभासद अध्यक्षांना नमस्कार करतायत. ती माझी कल्पना.”

“शत्रूकडे पाठ करून?”

“इथं शत्रू कुठंय?”

मी काळ्या बाजूकडे बोट केलं.

“तो फक्त दुसरा रंग आहे.”

“मग तिकडचा फेटेवाला कोण? तेही अध्यक्षच?”

अधिकारी उठले, दार लोटून आले आणि हळू आवाजात म्हणाले, “सर, तुम्हाला कुणी पाठवलंय?”

“तुम्हीच. जीप पाठवून.”

पुढच्या वर्षी कारखान्याची निवडणूक होती, हे मला नंतर आठवलं. त्यांना माझा संशय आला होता आणि मला त्यांचा, त्यामुळे निदान बरोबरी झाली होती. बुधवारी अध्यक्षांसमोर अभिप्राय वाचायचा असं ठरलं. खेळून पाहिल्याशिवाय मी लिहिणार नाही म्हणालो, तर त्यांना खेळताच येत नव्हतं. हे बनवलं कुणी, असं विचारल्यावर त्यांनी शेजारच्या गावातल्या एका सुताराचं नाव सांगितलं. डाव सायकलच्या कॅरिअरला बांधून रविवारी मी त्याच्याकडे गेलो.

मिस्त्री पन्नाशीचा होता. औतं आणि गाडीची चाकं करणारा माणूस. पण ज्या साली बैलच छावणीत, त्या साली औत कोण करून घेणार? अध्यक्षांचं तोंड त्याने कारखान्याच्या कॅलेंडरवरून कोरलं होतं आणि ते हुबेहूब होतं. आम्ही दारातल्या लिंबाखाली मांडामांड केली. तो जुन्या देशी पद्धतीने खेळत असे, प्यादं एकेक घर सरकवत. मीही तसंच खेळायचं कबूल केलं.

दहाबारा चालींतच माझा गोंधळ उडाला. पुढे जाणारं प्यादं मागे बघत होतं, त्यामुळे कुठलं प्यादं कुणाचं आणि कुठं निघालंय तेच समजेना. मी माझी प्यादी फिरवून ठेवली, तर ती मिस्त्रीच्या राजाला नमस्कार करू लागली. राजाला हात लावताना दर खेपेला भीती वाटत होती, कारण त्याचं सगळं वजन फेट्यात होतं. शेवटी मिस्त्रीचं एक प्यादं हात जोडून माझ्या राजाला खेटलं आणि मला घर उरलं नाही.

“घ्या, गुरुजी. प्यादेमात.”

देशी खेळात प्याद्याने दिलेली मात सगळ्यात मानाची. मी मान्य केलं. मग त्याने पितळी तांब्या पुढे केला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, “येक इनंती हाय. डाव पास करा, पन हात तेवढे नापास करा.”

“का?”

“येका डावात सोळा प्यादी. बत्तीस हात. असे पन्नास डाव. वर सायब म्हनले, बोटं दिसली पायजेत. आदी म्या व्हय म्हनलो, लई हुरूप आला हुता. आता मोजतोय तर डोळे फुटायची पाळी.”

“आणि साहेबांनी हातांसाठी ऑर्डरच मोडली तर?”

“तुमी जानकार. तुमी सांगितल्यावर कशाला मोडतील? ही आर्डर लागली तर होळीपातुर घरी बसून काम. न्हाई लागली तर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची. बायकूचं नाव लागलंय तिथं. माजंबी लावतील.”

मी सायकलवरून परत येताना वैतागलो होतो. हात नापास करायचे हे मी आधीच ठरवलं होतं, निव्वळ खेळाच्या कारणासाठी. आता त्यात दुसऱ्याचा फायदा निघाला, म्हणून मला माझ्याच मताचा संशय येऊ लागला. मिस्त्रीने मला मुद्दाम हरवलं की काय, जेणेकरून प्याद्यांचा राग यावा, इथपर्यंत माझी मजल गेली. दोन दिवस विचार करून मी तेच लिहिलं जे आधी लिहिणार होतो: कोरीव काम उत्तम, राजा अर्धी वीत कमी करावा, प्याद्यांचे हात मोकळे ठेवून तोंडं समोर करावीत.

बुधवारी अध्यक्ष वेळेवर आले. सोंगटीवरून वाटले होते त्यापेक्षा बरेच लहान चणीचे होते आणि डोक्यावर साधी टोपी होती. मिस्त्री दाराशी टोपी हातात धरून उभा होता. मी अभिप्राय वाचला. प्रसिद्धी अधिकारी म्हणाले, “सर खेळाच्या दृष्टीनं बोलतात. पण हात हीच तर यातली भावना आहे, साहेब.”

अध्यक्षांनी एक प्यादं उचललं आणि नखाने त्याचे जोडलेले हात चाचपले.

“ह्यो कोन?”

“सभासद, साहेब.”

“हात का जोडलेत?”

“आदरानं.”

“आदरानं हात जोडून माज्याकडं किती जन येत्यात, तुमाला म्हाईत हाय का? काय मागायचं हाय ते कळतं. बाकी मनात काय हाय ते कळत न्हाई.” त्यांनी प्यादं ठेवलं आणि काळा राजा उचलला. “आन ह्यो?”

“तो फक्त रंग आहे, साहेब,” अधिकारी म्हणाले.

“तोंड माजं हाय. मग मीच माज्या इरुद्द हुभा हाय का दुसरं कुनी माज्या जागी बसलंय?” ते माझ्याकडे वळले. “मास्तर, गावात असतो तसा साधा डाव. त्यो न्हाई का चालनार?”

“चालेल की,” मी म्हणालो. “खेळायला तोच सगळ्यात चांगला.”

हे मी पटकन आणि आनंदाने म्हणालो. इतक्या दिवसांत त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी खेळाबद्दल बोललं होतं.

“मग साधाच करा.”

“नगरला एक कातारी आहे, साहेब,” अधिकारी लगेच म्हणाले. “यंत्रावर लाकूड कातून देतो. आठ दिवसांत पन्नास डाव.”

घडीभरापूर्वी भावनेबद्दल बोलणाऱ्या माणसाला कातारी इतका चटकन कसा आठवला, याचा मला जबर संशय आला. त्या संशयातच मी गुंतलो. दाराशी मिस्त्री माझ्याकडे बघत होता. हाताने घडवलेला साधा डावही चांगला होतो, तो मिस्त्रीच करील, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बोलायला वेळही होता, कारण चहा आला. मी चहा प्यालो.

पुढच्या आठवड्यात तीच जीप काताऱ्याचा नमुना घेऊन शाळेत आली. दोन संध्याकाळ मी त्यात खोट शोधत बसलो. तळ जड होता, प्यादी प्याद्यांसारखी होती, कुणी कुणाच्या आड जात नव्हतं. तसा अभिप्राय लिहून मी सही केली.

रविवारी मिस्त्रीच्या घराला कुलूप होतं. तो तलावाच्या कामावर भेटला. खडी फोडण्याऐवजी त्याला मोडक्या कुदळींना दांडे बसवायचं काम दिलं होतं, आणि त्याच्यापुढे बायकांची रांग होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

“गुरुजी, त्यो कातारी तुमच्या वळखीचा हाय का?”

“नाही.”

“सायबांच्या?”

“माहीत नाही. संशय आहे.”

“मला तुमचा हुता,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “हात नापास झाले, ते बराबर झालं. पन च्या पिताना तुमी बोलाल वाटलं हुतं.”

“बोलायला हवं होतं.”

“त्याचा डाव कसा झालाय?”

खोटं सांगता आलं असतं. “चांगला झालाय,” मी म्हणालो. “खोट नाही.”

“बगितली का नीट?”

“दोन दिवस.”

त्याने मान हलवली, हातातला दांडा डोळ्यासमोर आडवा धरला, एक डोळा मिटून तो सरळ आहे का ते पाहिलं, आणि रांगेतल्या पुढच्या बाईची कुदळ घेतली.